सिद्रामप्पांचा डावा हात

माझ्या पहिल्यावहिल्या पत्रकाचा सिद्रामप्पा जॉबरांनी जो निकाल लावला, तसा आजवर कुठल्या मालकाला लावता आलेला नाही, की मोर्चा अडवणाऱ्या कुठल्या पोलिसाला.

पत्रक त्यांच्याबद्दलच होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणता विणता माणसांचे सांधे कसे झिजतात, आणि त्याची जबाबदारी कशी कुणावरच येत नाही, यावर आमच्या संघटनेनं मोहीम काढली होती. मी तेव्हा नवी होते आणि तापलेली होते. नव्या पेठेतला छापखानेवाला म्हणायचा, "ताई, उद्गारचिन्हं जरा कमी करा, शाई पुरत नाही."

अप्पा आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचे. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग उठवणारा माणूस. तरुणपणी मागावरचा धोटा, म्हणजे आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे गोळीसारखा पळणारा तो लाकडी तुकडा, उडून त्यांच्या डाव्या मनगटावर बसला होता. हाड मोडलं, हाडवैद्यानं बांधलं, आणि पुढं कित्येक वर्षांनी त्याच जागी संधिवातानं ठाण मांडलं. मनगट रताळ्यासारखं सुजलेलं, तळहात कायम जमिनीकडे. मला आणखी काय हवं होतं? मी मथळा दिला, 'मनगट गेलं, मालक गप्प!' आणि खाली लिहिलं की मागाला संरक्षक जाळी न बसवणाऱ्या नफेखोरीनं एका कष्टकऱ्याचा हात खाल्ला. छापून आणलेला गठ्ठा त्यांच्या ओट्यावर ठेवला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

अप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"दोन चुका हायत," म्हणाले.

"कुठल्या?"

"मालक गप्प नव्हता. लई बोलत हुता. हाडवैद्याकडं नेईपर्यंत बोलत हुता, धोटा कसा मोडला म्हणून."

"आणि दुसरी?"

"जाळी हुती की. मी काढली हुती."

मी त्यांना समजावलं की जाळी त्यांनी काढली नव्हती, उत्पादनाच्या घाईनं काढली होती, आणि ती घाई कुणाच्या फायद्याची होती ते बघा. अप्पांना ते पटलंही.

"घाई हुतीच. जाळी काढली की काम लवकर हुतंय, आन् लवकर झालं की मालक हसतोय. पण काढली ती ह्या हातानं." त्यांनी उजवा हात वर केला. "उजव्यानं केलं, डाव्यानं भरलं. असं लिव्ह की."

असं लिहून क्रांती होत नाही. मी गठ्ठा तिथंच सोडून आले. त्यांच्या बायकोनं, शांतव्वांनी, ती पत्रकं शेंगाचटणीच्या डब्यांच्या तळाशी घातली आणि मला निरोप पाठवला की कागद चांगला आहे, तेल धरतो.

तेव्हापासून अप्पा मला पुढारीणबाई म्हणायला लागले.

मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं बहिरी होतात. अप्पाही निम्मे झाले होते. पण त्यांचं म्हणणं असं की माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, यंत्राचं येतं, आणि तेवढं पुरतं. संध्याकाळी ओट्यावर बसून ते जाणाऱ्या रिक्षांचं निदान करत. "ह्याचा क्लच जळतोय." "ह्याला ऑइल न्हाई, आठवडा काढंल." हे ते रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत, त्यामुळं आमच्या गल्लीतून रिक्षा जरा वेगानंच जात. कुणाच्या घरात शिलाई मशीन कुरकुरलं की न बोलावता हे आत. आमच्या आईनं तर अप्पा दिसले की मिक्सर बंद करायची सवयच लावून घेतली होती, कारण एकदा त्यांनी तो चटणीसकट उघडला होता. मिक्सर सुधारला. चटणीत स्क्रू सापडला.

"चालतंय की, राहू द्या," असं कुणी म्हटलं की ते चिडत. "चालतंय आन् बसतंय ह्यात फरक हाय. चालतंय म्हणून सोडलेलं यंत्र सणाच्या आदल्या दिवशी पडतंय."

एकदा कारखान्याच्या गेटवर माझं भाषण झालं. अप्पा सायकल धरून मागं उभे. नंतर म्हणाले, "आवाज चांगला हाय तुझा. पण त्याच्यावर लोड न्हाई. नुसतंच फिरतंय." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी भाषण बदललं.

आता हाताकडे येते. तुम्ही हात पुढं करा आणि प्रसाद घ्यायला करता तसा तळवा वर करा. एवढ्यासाठी कोपरापासून खालची दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात आणि मनगटाशेजारी त्यांचा एक लहानसा सांधा असतो. अप्पांचं मनगट गेलं होतंच, हा शेजारीही गेला. दुखणं त्यांनी सोसलं. जॉबरकामात डावा हात काय करतो, तर धरतो, आणि तळवा खाली ठेवूनही धरता येतं. त्यांचं अडलं ते एकाच ठिकाणी.

अप्पा लिंगायत. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते लिंग डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, पाणी, बेलाचं पान, आणि मग त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. याला देऊळ लागत नाही. डावा तळहात हेच देऊळ. देवाधर्माबद्दलची माझी मतं मी तीन पत्रकांत छापली आहेत, इथं पुन्हा उगाळत नाही. पण अप्पांचं देऊळ उपडं झालं होतं, एवढं मलाही दिसत होतं.

आधी ते कोपर उचलून बघायला लागले. मग खांदा. मग कमरेतून कलायला लागले, आणि शेवटी शेवटी पूजेला बसलेले अप्पा पंक्चर झालेल्या रिक्षासारखे एका अंगावर टेकलेले असत. एवढं करूनही लिंग दोनदा मांडीवर घरंगळलं. दुसऱ्यांदा घरंगळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग एका सकाळी शांतव्वा आमच्या दारात. "ताई, जरा ये. ह्यांनी स्वतःला आवळून घेतलंय."

जाऊन बघते तर अप्पांनी कारखान्यातला जुना व्हाइस आणून पाटाला ठोकला होता. लोखंडी दोन जबडे, मधे टॉवेलची घडी, घडीत अप्पांचा डावा हात. तळवा उजव्या हातानं जोर लावून अर्धामुर्धा वर आणलेला आणि तसाच घट्ट पिळून टाकलेला. कपाळावर विभूती, विभूतीवर घाम.

"दांडा फिरव," ते मला शांतपणे म्हणाले. "माझा हात पोचंना झालाय. हळू. आटे जुने हायत."

"जन्मभर दुसऱ्याचे माग सोडवले," शांतव्वा म्हणाल्या, "आन् आज हितं अडकून बसलाय. यल्लार मुंदं सांगू का?" चार लोकांत सांगू का, असं त्या कानडीत विचारत होत्या, आणि मी म्हणजे त्या चार लोकांपैकी पहिली होते.

मठाचे स्वामी घरी आले. भला माणूस. म्हणाले, लिंग उजव्या हातावर घ्या, नाहीतर लहान चौरंग करा, देव अडवत नाही. अप्पांनी वाकून नमस्कार केला, "चालतंय, स्वामी," म्हणाले, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "चालतंय. बसत न्हाई."

म्हणून मी दवाखान्याच्या मागं लागले. सरकारी योजनेच्या यादीत गुडघ्याचा सांधा होता, खुब्याचा होता. मनगटाचा मला सापडला नाही. खिडकीमागच्या बाईंनी यादी दोनदा बघितली आणि विचारलं, "गुडघा नाही का दुखत त्यांचा?" गुडघा दुखणारा माणूस रांगेत लंगडतो, लोकांना दिसतो. मनगट दुखणारा हात पोटाशी धरून गुपचूप उभा राहतो. जे लंगडत नाही त्याच्यासाठी या देशात यादी नाही, असं मी त्या खिडकीपाशी जरा मोठ्यानं म्हणाले. अप्पा मागून म्हणाले, "आता लोड आला."

शेवटी एका ट्रस्टच्या दवाखान्यात धर्मादाय खाट मिळाली. तिथं पुण्याहून महिन्यातून दोनदा हाताचे डॉक्टर येत. तरुण, चष्मेवाले, हळू बोलणारे. त्यांनी हात दाबला, फिरवला, फिरला नाही, आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"या हातानं काय काय करता?"

"काय न्हाई," अप्पा म्हणाले. "डावा हाय."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "मग ऑपरेशनची घाई नको. पट्टा देतो, गोळ्या देतो."

अप्पा उठलेसुद्धा. महिनाभर अर्ज घेऊन फिरलेली मी खुर्चीतच थिजले. शांतव्वांनी मात्र त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"काय न्हाई? मग रोज सकाळी देव कुटं बसतो, माझ्या डोक्यावर?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "ते करणं न्हवं. ती पूजा हाय. साहेब कामाचं इचारत्यात."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. मग सगळं शांतव्वांनी सांगितलं, कलण्यापासून व्हाइसपर्यंत, काही न गाळता. डॉक्टर म्हणाले, "करून दाखवा," आणि लिंगाच्या जागी टेबलावरचा खोडरबर पुढं केला. अप्पांनी त्या खोडरबराकडे बघितलं. "ह्याच्यावर ध्यान लागत न्हाई, साहेब." पण दाखवलं. खोडरबर टेबलाखाली गेला.

एक्स-रे लावल्यावर अप्पा एकदम खुलले. उठून दिव्यापाशीच गेले. "हितला बुश गेलाय, दांडा फिरतो ती कडी. ह्या बाजूचा शाफ्ट घासलाय, पण चालंल. ह्यो शेजारचा बुश तर उरलाच न्हाई." डॉक्टरांनी त्यांच्या बोटामागोमाग बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." हे ऐकल्यावर अप्पा पुढचे आठ दिवस गल्लीत कुणाचंच ऐकून घेत नव्हते.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, मनगट धातूची पट्टी टाकून कायमचं जाम करायचं आणि शेजारचं घासणारं हाड थोडं कापायचं. दुखणं जाईल, हाताला जोर येईल, हातोडा धरता येईल. मनगट वाकणार नाही, आणि तळवा पुरता वर येईल याची हमी नाही. दुसरी, दोन्ही सांधे बदलून कृत्रिम बसवायचे. हात वळेल, वाकेल. पण जड काम बंद. हातोडा नाही, धक्का नाही, मागाच्या जवळपास जायचं नाही.

"नवा बुश लोड किती घेतो?" अप्पांनी विचारलं.

"दुधाची पिशवी. दोन, फार तर."

"आन् ढिला पडला तर?"

"काही वर्षांनी पडू शकतो. मग पुन्हा उघडावा लागेल."

"म्हंजे मेंटेनन्स हाय," अप्पा म्हणाले, आणि विचार करायला आठवडा मागून घेतला.

त्या आठवड्यात त्यांच्या कारखान्याचा मालक घरी आला. केळी घेऊन आला. म्हणाला, "अप्पा, हात घट्ट करून घ्या. आमचे जुने माग तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत." तो गेल्यावर मीही हेच म्हणाले. काम हा माणसाचा हक्क आहे, तुमची कारागिरी ही तुमची ओळख आहे, ती एका विधीसाठी सोडू नका. आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि मालकाचं एकमत झालं होतं, आणि मला संशय यायला हवा होता तो तेव्हाच. शांतव्वांनाही ते कामावर गेलेले हवे होते, पण त्यांचं कारण साधं होतं. "घरात बसला तर माझं एक भांडं धड ठेवणार न्हाई."

अप्पा आम्हा तिघांचं ऐकून ओट्यावर बसले. डोळे मिटून.

"माग पडला आन् मी न्हाई गेलो, तर बदली जॉबर येतो," ते म्हणाले. "माझ्याएवढा न्हाई, पण येतो. पूजेला बदली चालत न्हाई, पुढारीणबाई."

त्यांनी सुजलेलं मनगट मांडीवर घेतलं.

"आन् आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरत्यात. जाताना लिंग हातातच देत्यात. ह्याच. डाव्या."

"अप्पा, तुम्ही एवढ्यात कुठं जाताय?"

"मी कुटं जातोय? पण फिटिंग आधी करून ठेवायचं असतंय."

ऑपरेशनच्या दिवशी नवंच निघालं. सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं सगळं काढा. अप्पा म्हणाले, "न्हाई." सिस्टर म्हणाल्या, नियम आहे. अप्पा म्हणाले, आठव्या वर्षापासून हे अंगावेगळं झालेलं नाही, ते काढलं तर आत जाईल ते नुसतं मढं, मग कापा हवं तेवढं. आणि स्ट्रेचरवरून उतरून हिरव्या गाउनमध्ये, पाठ उघडी टाकून, ते जिन्याकडे चालायला लागले.

मग त्या कॉरिडॉरमध्ये भांडलं कोण, तर मी. अंधश्रद्धेवर पत्रक काढणारी. रुग्णाची सन्मानानं वागणूक, रुग्णाची संमती, रुग्णाचा विवेक, मला येत होतं ते सगळं मी त्या सिस्टरना ऐकवलं. मधेच लक्षात आलं की एका दगडाला आत सोडावं म्हणून मी घसा कोरडा करतेय. थांबले नाही. भूलतज्ज्ञ बाई बाहेर आल्या, ऐकून घेतलं, आणि त्यांनी दोन वाक्यांत सोडवलं. चांदीची डबी आत चालणार नाही. लिंग तेवढं निर्जंतुक कापडात गुंडाळून उजव्या खांद्याला चिकटपट्टीनं लावू, अंगाला टेकलेलं राहील.

अप्पांनी चिकटपट्टी ओढून बघितली. "बसतंय," म्हणाले, आणि स्वतःच स्ट्रेचरवर जाऊन आडवे झाले.

पुढचे महिने व्यायामाचे. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं हातात काहीतरी हलकं, लांबट धरून हात हळूहळू वळवायला सांगितलं, तेव्हापासून शांतव्वांचं लाटणं स्वयंपाकघरातून गेलं. ओट्यावर बसून अप्पा ते लाटणं घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचे, आणि शांतव्वा आतून ओरडायच्या, "साकु, साकु, चपात्या करायच्यात." पुरे म्हटलं तरी पुरे व्हायचं नाही. माझ्या कोनमापकानं ते आठवड्याला कोन मोजून घ्यायचे आणि मी एक अंश जास्त सांगितला की पकडायचे. "खोटं वाचू नकोस. पत्रक न्हाई हे."

मागाच्या जवळ जायचं नाही, हे त्यांनी पाळलं. पण माग अडला की कारखान्यातून फोन यायचा. "फोन बुशापाशी धर," अप्पा सांगायचे, डोळे मिटायचे, आणि इकडे गल्लीत बसून तिकडचा नट सांगायचे. हे विनावेतन काम आहे, मालक तुमचा कान फुकट वापरतोय, असं मी सुनावलं. त्यांनी हातानं मला गप्प केलं. "थांब. तिकडं दुसरंबी कायतरी वाजतंय."

आणि एका सकाळी मी नवं पत्रक दाखवायला गेले तर शांतव्वांनी दारातच तोंडावर बोट ठेवलं. अप्पा पाटावर ताठ बसले होते. कुठंही कललेले नाहीत. डावा हात छातीसमोर, तळवा वर. अगदी सपाट नव्हता, अंगठ्याची बाजू तेवढी जरा चढी, पण त्यात लिंग होतं आणि ते हलत नव्हतं. मी पत्रक घेऊन ओट्यावर बसून राहिले. बराच वेळ. बाहेर आल्यावर त्यांनी पत्रक वाचलं आणि तीन चुका काढल्या.

अशा सकाळी त्यांना दोन वर्षं मिळाली. मग एका दुपारी जेवून उठले, छातीवर हात ठेवला, "आवाज बरा न्हाई," म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले ते बसलेच.

मी पोचले तेव्हा अंघोळ घालून, भस्म लावून त्यांना मांडी घालून बसवलं होतं. घर भरलं होतं. कारखान्यातली माणसं सायकली टाकून आली होती. मालक कोपऱ्यात उभा होता, खरोखरच गप्प. स्वामींनी पिशवीतून कापडाची एक पांढरी पट्टी काढून मांडीवर ठेवली. बसवलेल्या माणसाचा हात कलतो, तळवा उपडा पडतो, म्हणून तो वर करून बांधावा लागतो, असं शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मला हळूच सांगितलं.

स्वामींनी अप्पांचं डावं मनगट दोन्ही हातांनी धरलं. जोर लावायच्या तयारीनं.

"हळू, स्वामी," शांतव्वा म्हणाल्या. "नवा हाय तो."

स्वामींनी हात फिरवला. तो इतका सहज वळला की तेच थोडे पुढं झुकले. तळवा वर आला आणि मांडीवर तसाच राहिला. त्यांनी त्यात लिंग ठेवलं, बेलाचं पान ठेवलं, आपले हात काढून घेतले आणि थोडा वेळ वाट बघितली.

मग मांडीवरची पट्टी उचलून, घडी करून, त्यांनी ती पुन्हा पिशवीत ठेवली.